शून्य गुणांची परीक्षा

९ एप्रिल

चिरंजीव भाचीबाई,

मामाचे आशीर्वाद आणि त्यांच्या जोडीला एक तक्रार पाठवतो आहे. दोन्ही घे.

तक्रार तुमच्या डॉक्टरांच्या जमातीबद्दल आहे. माझ्या डोक्यातली गाठ काढून झाली, किरणांचे सगळे हप्ते झाले, केस गेले, कंगवा मामीला देऊन टाकला. एवढ्यावर सोडतील की नाही? पण नाही. आता दर काही दिवसांनी इस्पितळात बोलावतात आणि माझ्याकडून बालवाडीतले खेळ करून घेतात. काल म्हणे फरशीच्या रेषेवरून चालून दाखवा. चाललो. दोन्ही हात पुढे धरा, डोळे मिटा. मग आपलं बोट आपल्या नाकाला लावा, मग माझ्या बोटाला, परत नाकाला. दात दाखवा, गाल फुगवा. समोर बघा आणि कोणतं बोट हललं ते सांगा. हे काय आहे? पेन. आणि हे? घड्याळ. अगं, मी अख्खा जन्म लोकांना गाडी शिकवली. माणसांना रेषेत ठेवण्याचं काम माझं, आणि आता मलाच रेषेवर चालायला लावतात!

हे सगळं करून घेतात ते छोटे डॉक्टर माझेच एक जुने विद्यार्थी निघाले. क्लचवरून पाय असा काढायचे की गाडी बेडकासारखी उडी मारायची. अजून मला ‘सर’ म्हणतात आणि नाकाला बोट लावायला सांगताना लाजतात.

आता मुद्द्याचं. मोठे डॉक्टर स्कॅन बघतात आणि म्हणतात, ‘बघू.’ पुढच्या वेळी पुन्हा ‘बघू.’ मला किती वेळ आहे, हे सरळ कुणी सांगत नाही. तू याच आजाराच्या विभागात काम करतेस, तुला कळत असेल. फोनवर विचारलं असतं, पण मामी रिसीव्हरला कान लावून बसते, आणि मोबाइलच्या उजेडाने माझं डोकं भणभणतं. म्हणून पत्र. अभ्यास सांभाळून उत्तर दे. घाई नाही, निदान मला तरी तसं वाटतंय.

तुझा मामा

१८ एप्रिल

प्रिय मामा,

तक्रार नोंदवून घेतली. आरोपी मीच निघाले. रोज सकाळी वॉर्डात मी लोकांना गाल फुगवायला लावते.

ज्यांना तू खेळ म्हणतोस त्या नऊ गोष्टी आहेत: चालणं, हातापायांतली ताकद, हालचालीतला मेळ, स्पर्श, नजरेचा आवाका, चेहरा, बोलणं, जागेपण आणि वागणूक. प्रत्येकाला गुण असतात. नीट जमलं तर शून्य, बिघडलं तर एक, जास्त बिघडलं तर त्याहून अधिक. म्हणजे ज्याला सगळीकडे भोपळा तो पहिला. तुझे शाळेतले किस्से आईकडून ऐकलेत, त्यावरून ही शाळा तुझ्यासाठीच काढलेली दिसते.

उगाच करत नाही रे आम्ही हे. स्कॅनमध्ये गाठ केवढी ते कळतं. पण तेवढ्याच गाठीचा एक माणूस बाजारहाट करून येतो आणि दुसऱ्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. तो फरक फोटोत दिसत नाही, नाकाला बोट लावताना दिसतो. आमचे मोठे डॉक्टर आणि मी जुन्या रुग्णांचे हे गुण काढून, ते पुढे किती जगले हे ताडून बघतोय. ज्यांचे गुण शून्याजवळ टिकून राहतात, ते जास्त जगतात. गुण चढायला लागले की वेळ कमी उरतो, कधीकधी स्कॅनमध्ये काही दिसायच्या आधीच.

किती वेळ आहे असं विचारलंस. तू लिहिलंस त्यावरून तुझे सगळे शून्य दिसतात, तेव्हा आज त्या प्रश्नाला मी हात घालत नाही. दर तपासणीचे गुण मात्र मला कळवत जा. ज्या दिवशी ते चढतील त्या दिवशी पुस्तकं मिटून पहिल्या गाडीने मी तुझ्या दारात उभी असेन. माझी वरच्या पदवीची परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते.

मामीला घट्ट मिठी.

तुझी भाची

४ मे

डॉक्टरीणबाई,

म्हणजे ही परीक्षा आहे! हे आधी नाही का सांगायचं? परीक्षा पास कशी करायची हे तू मला शिकवणार, म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार.

लोकांना वाटतं गाडीची परीक्षा गाडीची असते. ती असते साहेबाची. एक साहेब चढावर थांबवतो, दुसरा नुसता आरसा बघितलास का ते बघतो, तिसऱ्याला करकचून दाबलेला ब्रेक खपत नाही. साहेब ओळखला की निम्मं काम झालं. तुमचे छोटे डॉक्टर आधी उजवीकडचं बोट हलवतात, मग डावीकडचं, मग दोन्ही. क्रम कधी चुकत नाही. बिचारे गाडीतही असेच होते, पहिला गिअर, दुसरा गिअर, आणि बसले तिथेच.

घरी आमचा सराव जोरात चालू आहे. मामी साहेब, मी उमेदवार. बोळातल्या फरशांवर मी चालतो आणि ती टेबलाशी बसून मान हलवते. तिच्याइतकं खडूस कुणी परिवहन खात्यातही पाहिलं नाही. पण मेहनत फळाला आली, काल नऊच्या नऊ भोपळे! मोठे डॉक्टर म्हणाले, उत्तम. आम्ही दोघांनी येताना आइस्क्रीम खाल्लं.

आणि पुस्तकं मिटून येण्याची भाषा पुन्हा काढायची नाही. शाळेची सगळी वर्षं तू आमच्या घरी राहून शिकलीस. त्या टेबलावर तू पुस्तकात डोकं घालून झोपायचीस आणि मामी दिवा मालवायची. ही परीक्षा तू एकटी देत नाहीस. भोपळे आणण्याचं माझ्याकडे लागलं, बाकीचं तू बघ.

मामा

१६ मे

प्रिय मामा,

तुझं पत्र मी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. परिचारिका हसून हसून बेजार झाल्या. परिवहन खात्यातल्या खडूस मामीचं दर्शन घ्यायची सगळ्यांची इच्छा आहे. सराव खुशाल कर, तेवढाच व्यायाम.

तुझे भोपळे बघून मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. मी गुपचूप हिशेब केला. असे गुण टिकून असलेली आमची माणसं बरीच पुढे जातात. म्हणून आता निवांत परीक्षा देते आणि ती संपली की मोठी रजा घेऊन येते. तेव्हा तू मला शहरभर फिरवायचंस आणि प्रत्येक चौकात तुझ्या शिकाऊ लोकांनी काय ठोकलं ते सांगायचंस.

एक गंमत विचारायची राहिली. हल्ली पानाच्या डावीकडे एवढी जागा का सोडतोस? पहिल्या पत्रात दोन बोटं होती, आता चांगली चार झाली. वॉर्डात कुणी असं लिहिलं असतं तर मी लगेच त्याची नजर तपासली असती. पण तुझे नजरेचे गुण शून्य, तेव्हा ही नवी फॅशन समजते.

तुझी भाची

३० मे

चिरंजीव भाचीस,

कसली जागा? मला तर पान काठोकाठ भरलेलं दिसतंय. अभ्यासाने तुझे डोळे गेलेत, चष्मा बदलून घे.

परवा पुन्हा भोपळे. नव्या स्कॅनमध्ये थोडी सूज दिसली, पण मोठे डॉक्टर म्हणाले, किरणांनंतर असंही दिसतं, आणि माणूस तर ठणठणीत आहे, तेव्हा औषध आहे तेवढंच चालू दे, बघू. या वेळी ‘बघू’ मला गोड लागलं. चालण्याच्या वेळी मी मामीचा हात धरला. छोटे डॉक्टर म्हणाले, ‘सर, एकट्याने चाला ना.’ मी म्हटलं, ‘इतक्या वर्षांचं लग्न आहे, एकट्याने चालायची सवय नाही.’ हसले आणि लिहून टाकला भोपळा.

घराचं मात्र काही खरं नाही. डावीकडची दारं अंगावर येतात. खांदा काळानिळा झाला. मामीशीही जरा वाजतं. मी ताट चाटूनपुसून संपवतो आणि ती म्हणते अर्धं तसंच टाकलं. म्हातारपणी बायकांना काहीतरी बोलायला लागतं.

तू अभ्यास कर. इकडे सगळं झकास.

मामा

७ जून

बाळ,

मी पत्र लिहायला बसले म्हणजे काय ते तू ओळखलंच असशील. हे मामांना ठाऊक नाही. ते झोपलेत. हल्ली खूप झोपतात.

त्यांना डावीकडचं दिसत नाही. परवा दाढी करून बाहेर आले ते अर्धीच करून. डाव्या गालाला वस्तरा लागलाच नव्हता. मी म्हटलं, अहो, आरशात बघा. म्हणाले, बघितलं, गुळगुळीत आहे. मला आधी हसू आलं आणि मग मीच त्यांचा डावा गाल चाचपून बघितला. काल त्यांचा डावा हात गरम इस्त्रीला टेकला होता. हात तिथेच आणि हे माझ्याशी गप्पा मारतायत. मी ओरडले तेव्हा कळलं.

ते शून्य मी मिळवून दिलेत. छोटे डॉक्टर माझ्याकडे पाठ करून बसतात. यांचा क्रम पाठ आहे, पण मध्येच डॉक्टरांनी बदलला तर चुकायला नको म्हणून त्यांनी डावं बोट हलवलं की मी मांडीवरचा हातरुमाल उचलते. तुझे मामा म्हणतात, शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसा हा. चालताना मी हात धरते तो लाडाने नाही, सोडला तर ते भिंतीला जातात. ‘घरी वागणं कसं आहे’ असं मला विचारतात, तेव्हा मी सांगते, पूर्वीसारखंच. पूर्वी ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते, बाळ. आता ओरडतात, आणि मग विसरून जातात.

तूच लिहिलं होतंस, ज्यांना शून्य ते जास्त जगतात. ते पत्र मी किती वेळा वाचलं! मला वाटलं, शून्य आलं की झालं. माझ्या हातात दुसरं काय होतं त्यांना द्यायला? आता इस्त्रीच्या चटक्यानंतर वाटतं की डॉक्टरांनी खरं बघितलं असतं तर औषध वाढवलं असतं. मी त्यांचं वाईट केलं का? मला खरं सांग. रागावलीस तरी चालेल.

ते घोकत असतात, गुण चढले तर पोरगी परीक्षा सोडून येईल, म्हणून चढू द्यायचे नाहीत. मी म्हणते, ये.

मामी

२९ जून

भाचीबाई,

तू जाऊन आठवडा झाला. घर रिकामं वाटतंय, आणि मी अजून थोडा रागावलेला आहे.

स्वतःच्या मामाला नापास केलंस! तेही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून आणि मामीला बाहेर काढून दार लावून. नजर नापास, डावा हात नापास, चालणं नापास. तू म्हणालीस बोट हलवतेय, आणि मला तुझा एक डोळा आणि अर्धी वेणी दिसत होती. मी तुला नाही नाही ते बोललो. तू टाचणीने माझा डावा तळहात तपासत राहिलीस, आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी पडत होतं ते मात्र मला त्या हातावर कळलं नाही, खाली पाहिलं तेव्हा दिसलं. बोललो ते सगळं परत घेतो. मामीला बोललो तेही घेतलं. तिने हिशेबात धरलं नव्हतं म्हणते.

तू समजावलंस की जे दिसत नाही ते दिसत नाही, हेही या आजारात माणसाला कळत नाही. म्हणून ती लबाडी नव्हे. अगदीच नव्हती असं नाही. थोडी होती, पण ती आमची घरगुती होती.

छोट्या डॉक्टरांना तू जे झापलंस ते मामीने दाराआडून ऐकलं. आता ते मामीला खोलीबाहेर बसवतात, बोटांचा क्रम बदलतात आणि मला ‘सर’ न म्हणता आडनावाने हाक मारतात. बरं वाटलं. गाडी शिकताना असे असते तर मी त्यांना पहिल्याच खेपेला पास करवलं असतं.

आणि ऐक, सूज उतरवायचं औषध वाढवल्यापासून दारं आपापल्या जागी गेलीत! डाव्या बाजूचं सगळं आलेलं नाही, पण बरंच आलंय. ताटात डावीकडेही जेवण असतं, हा शोध लागला. भूक तर अशी लागते की मामी डबे लपवते. एवढे दिवस हे औषध मला मिळू शकत होतं आणि मी भोपळे जमवत बसलो.

आता खरे गुण तुझ्याकडे आहेत. पहिल्या पत्रात विचारलं ते तू टाळलंस, तेव्हा मीही सोडून दिलं. आता विचारतो. किती?

मामा

६ जुलै

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा फाडलंय.

आधी माझं सांगते. तुझ्या पानाची डावी बाजू कोरी होत चालली होती. मी त्यावर विनोद केला. दारं अंगावर येतात, ताट अर्धं राहतं, हे तू लिहिलंस तरी मी गुणांकडे बघून निर्धास्त राहिले. ज्या कामासाठी लोक मला हुशार म्हणतात तेच मला तुझ्या बाबतीत जमलं नाही. तुझं बरं चाललंय असं मला हवं होतं, एवढंच त्याचं कारण.

आता तुझं. आमचा तक्ता एका माणसाबद्दल काही सांगत नाही. शंभर माणसांबद्दल सांगतो. तुझं वय, तुझी गाठ आणि मी स्वयंपाकघरात काढलेले गुण घेतले, तर अशा शंभरांतले निम्मे लोक हे वर्ष संपायच्या आत जातात. थोडे पुढचा उन्हाळा बघतात. त्याच्या पुढे गेलेले मी बोटांवर मोजू शकते. औषधाने तुला आता बरं वाटतंय, ते खरं आहे, पण ती सूज उतरलीय, गाठ नाही. पुढचे दोनतीन महिने बरे जातील असा माझा अंदाज आहे. त्यानंतर चालणं जाईल, झोप वाढेल. वागणंही बदलेल. माणसं ओळखायला कधी अडखळशील.

मामा, मला हे लिहिताना तुझ्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरलेली मी आठवते, आणि काही सुधरत नाही. तू मला हवा आहेस. तक्त्यातला नको, तूच हवा आहेस.

मामीला सांग, तिने काही वाईट केलं नाही. तिने कळवलं म्हणून हे दिवस मिळाले. परीक्षा मी यंदाच देते, कारण नाही दिली तर तू पुन्हा भोपळे आणायला लागशील. पण खरे गुण दर वेळी मामी मला कळवणार. ज्या दिवशी तिला वाटेल त्या दिवशी तिने ‘ये’ म्हणायचं. मग परीक्षेचं काय होईल ते होईल.

तुझी भाची

१८ जुलै

माझे बाई,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती रडली, मग मी रडलो, मग तिने चहा केला आणि साखर घालायला विसरली, आणि आम्ही दोघं तो तसाच प्यायलो. त्यानंतर मला कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. तुला कदाचित खोटं वाटेल. ‘बघू’ने माणूस झुरतो. वर्ष संपायच्या आत म्हटलं की निदान कामाला लागता येतं.

काम म्हणजे मामीला गाडी शिकवणं.

हसू नकोस. अर्ध्या शहराला शिकवलं आणि घरात अंधार! ती विचारायची तेव्हा मी म्हणायचो, कशाला, मी आहे ना सोडायला. तुझं पत्र वाचताना तेच वाक्य डोळ्यांपुढे आलं. दवाखाना लांब, बाजार लांब, तिचे गुडघे दुखतात, आणि सोडायला कुणी नसणार.

बंद पडलेल्या कापड गिरणीच्या आवारात आम्ही जातो. तिथे ठोकायला काही नाही. गाडी शिकवण्यातला माझा जुना सोबती आम्हाला नेऊन सोडतो आणि सावलीत पेपर वाचत बसतो. मामी चाकाशी, मी तिच्या डावीकडे. आणि गंमत बघ, मास्तरलाच डावीकडचं धड दिसत नाही. मग तिनेच सांगायचं. ‘अहो, डावीकडे खांब आहे.’ ‘अहो, डावीकडे कुत्रं झोपलंय.’ ‘अहो, तुमचा हात खिडकीबाहेर आहे, आत घ्या.’ मी म्हणतो, शाब्बास, आता त्याला न उठवता पुढे चल. इतक्या उमेदवारांत डावीकडे इतकं बारीक बघणारं कुणी मिळालं नव्हतं. रस्त्यावर जाताना पुढे सोबत्याला बसवतो, कारण दुसऱ्या ब्रेकला शहाणा पाय पाहिजे. मी मागे बसतो आणि तोंड चालवतो.

परवा तिने गाडी उतारावर थांबवून विचारलं, ‘इतकी वर्षं का नाही शिकवलंत?’ मी म्हटलं, क्लच दाब.

मामा

२१ सप्टेंबर

चिरंजीव भाचीस,

हात साथ देत नाही म्हणून मी सांगतोय आणि मामी लिहून घेतेय. जसं सांगेन तसं लिहायचं कबूल केलंय तिने. (केलेलं नाही. – मामी)

तुझी परीक्षा तोंडावर आली. छातीत धडधडलं तर मोठा श्वास घे आणि आरसा बघ. आरसा नसेल तर साहेबाकडे बघ. तोही माणूसच आहे, त्यालाही घरी जायचंय.

माझी तब्येत बरी आहे. (चालणं दोन, नजर दोन, डावा हात दोन. बोलणं शून्य, ते तुला दिसतंच आहे. काल खुर्चीवरून घसरले. लागलं नाही.) मामीची गाडी मागे घ्यायची बोंब आहे. पुढे वाऱ्यासारखी जाते, मागे घ्यायला सांगितलं की कपाळाला आठ्या. गेल्या आठवड्यात तिने गिरणीचं फाटक पाडलं. (फाटक आधीच पडलेलं होतं.) मी ओरडलो नाही. (ओरडले. मग म्हणाले, फाटक गेलं खड्ड्यात, तू घाबरलीस का?) हल्ली मी गाडीत फार वेळ बसत नाही, कंटाळा येतो. (दमतात.)

तुझ्या तक्त्याला सांग, मामा अजून शंभरातल्या बऱ्या निम्म्यात आहे.

एवढंच. (एवढंच नाही. पत्र संपवून म्हणाले, पोरीची फार आठवण येते, पण ते लिहू नकोस.)

मामा
(आणि मामी)

१४ नोव्हेंबर

बाळ,

परीक्षा संपली हे तुझ्या फोनवरून कळलं. मामांना सांगितलं तेव्हा ते झोपेत होते, पण हात दाबल्यासारखा वाटला.

खरे गुण कळवायचे ठरलं होतं ना, म्हणून लिहितेय. चालणं आता राहिलंच नाही. दिवसाचे थोडेच तास जागे असतात. मी त्यांच्या उजवीकडे खुर्ची टाकून बसते, डावीकडे बसलं तर मी घरात नाही असं त्यांना वाटतं. चमच्याने भरवते. दुखत नाही म्हणतात. मोठे डॉक्टर स्वतः घरी येऊन गेले आणि या वेळी ‘बघू’ म्हणाले नाहीत. बराच वेळ बसले, एवढंच.

काल माझी गाडीची परीक्षा होती. जाणार नव्हते. शेजारीण म्हणाली, तुम्ही गेला नाहीत तर ते तुम्हाला माफ करणार नाहीत, मी बसते त्यांच्याजवळ. गेले. घाईत किल्ली आधी उलटीच घातली. साहेब तरुण होता, त्याने मला ‘आजी’ म्हटलं, त्या रागात मी चढावर गाडी एका झटक्यात थांबवून पुन्हा उचलली. डावीकडे तर मी अशी बघत होते की तो शेवटी म्हणाला, आजी, उजवीकडेही बघा. आणि मी पास झाले.

घरी येऊन चप्पल न काढता त्यांच्याजवळ गेले. ते जागे होते. मी म्हटलं, ‘अहो, मी पास झाले.’ त्यांनी मला चपलांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग अगदी पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, ‘छान. कुणाकडे शिकलात?’

ही थट्टा होती की तू लिहिलं होतंस ते सुरू झालं, मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून पूर्वी मला सगळं कळायचं. मी म्हटलं, ‘मिळाले होते एक चांगले मास्तर.’ ते हसले. अर्ध्या ओठाने, पण हसले. मी ती थट्टाच धरलीय, बाळ. तू डॉक्टर आहेस, तुला दुसरं काही वाटलं तर मला सांगू नकोस.

आता ये. निकालासाठी थांबू नकोस. सकाळी इथे पोचणारी गाडी धर. स्टेशनवर उतरल्यावर दुसरं वाहन शोधत बसू नकोस, मी घ्यायला येते. स्टेशनबाहेरच्या पुलाखाली उभी राहा. मला थोडा उशीर झाला तर घाबरू नकोस. आपल्या गल्लीतून गाडी मागे घेऊन काढावी लागते, आणि ते मला अजून नीट जमत नाही.

मामी